घंटी, बर्फी आणि सतरा नंबर

सरांनी टेबलावरची घंटी दाबली. मी पळत गेलो. सरांनी डब्यातली संत्रा बर्फी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली.

मग सर समोरच्या चार पाहुण्यांकडे वळले. "बघितलंत? घंटी, धाव, बक्षीस. आमच्या उंदरांना हे शिकायला तीन आठवडे लागतात. याला शिकवावंही लागलं नाही. याचे वडील माझ्या वडिलांच्या घंटीवर यायचे."

पाहुणे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. तोंडात बर्फी, ठसका लागला, नाकातून पिवळा कण बाहेर आला. मग ते आणखी हसले.

बर्फी मात्र चांगली होती. हेच तर दुखणं आहे.

मी नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत उंदीर सांभाळतो. बी.एस्सी. आहे. कंत्राटी आहे, दर मार्चला सरांची सही लागते. पिंजरे, भुसा, वजनं, रजिस्टर हे माझं काम. घंटीवर धावणं माझं काम नाही. त्यासाठी शिपाई आहे. पण शिपाई आत जाऊन विचारतो, "काहून बोलावलं जी?" मी विचारत नाही. म्हणून घंटी माझी.

प्रयोग असा. बारीक 'पिक' वाजलं की नळीतून साखरपाणी. जाड आवाज झाला की तोंडावर हवेचा फटका. पहिल्याला उंदीर धावतो, दुसऱ्याला मागे सरतो. हे ज्या भागात ठरतं तो मेंदूत खोल असतो, स्ट्रायटम. प्रयोग करणारी संशोधक पोरगी भिवापूरची, जीभही तिथल्याच मिरचीची. तिनं एकदा समजावलं होतं, "काका, 'जा' म्हणणाऱ्या पेशी अन् 'सरक' म्हणणाऱ्या पेशी एकाच मोहल्ल्यात राहतात, भिंतीले भिंत लावून. काही तर दोन्हीकडून बोलतात. साखर भेटली का एकीचं चालते, फटका बसला का दुसरीचं."

माझ्या मोहल्ल्यात एकीचंच चालायचं.

बर्फीचा किस्सा मी दुसऱ्या दिवशी सदर भागातल्या चहाच्या टपरीवर सांगितला. साग्रसंगीत. ठसक्यासकट. मित्र लोटपोट. एकानं चहा पाजला. म्हणजे पुन्हा बक्षीस.

घरी बायकोला सांगितला. ती सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होती. हात थांबले.

"ते हसले, ते समजलं. तुम्ही काहून हसले जी?"

मी जुडीतली एक काडी उचलून मोडत बसलो.

"मामाजीचं नाव काढलं त्यायनं. तरी हसले?"

मामाजी म्हणजे माझे बाबा. जन्मभर सरांच्या वडिलांच्या दवाखान्यात दाराशी उभे. रिटायर होऊन घरी बसले, तरी गल्लीतून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला की खाटेवरून अर्धे उठायचे. आम्ही पोरं हसायचो. बाबा म्हणायचे, "कमरेत उसण भरली गा." बी.एस्सी. झालो, पण त्या उसणीचं नाव मला कधी कळलं नाही.

ठरवलं. सरांना सांगायचं, मी तुमचा उंदीर नाही. घरून निघून कळमेश्वर ते नागपूर गाडीवर पाठ करत आलो. घंटी वाजली. एरवीपेक्षा जोरात पळालो. तोंड उघडलं.

"जी सर?"

हातावर बर्फी पडली. खाल्ली नाही, पँटच्या खिशात घातली. वाटलं, झाला विद्रोह! मग विसरलो. सकाळी खुंटीवरच्या पँटमध्ये मुंग्यांची रांग. माझी क्रांती मुंग्यांनी खाल्ली.

त्याच आठवड्यात प्रयोग पुढच्या टप्प्यावर गेला. 'पिक' वाजलं की साखर, पण अधूनमधून साखरेसोबत फटकाही. बाकीचे उंदीर फटका खायचे, तोंड पुसायचे, पुन्हा चाटायचे. मला ओळखीचं वाटलं. सतरा नंबरची मादी मात्र चार दिवसांनी नळीकडे पाठ करून बसली. 'पिक' वाजलं. कान हलले. ती हलली नाही. साखरपाणी थेंबथेंब सांडत राहिलं. सर म्हणाले, "ही निकामी. हिला वगळा." रजिस्टरात मीच लिहिलं, 'प्रतिसाद नाही.' लिहिताना हात थांबला.

संशोधक पोरीला विचारलं, "साखर विसरली काय ही?"

"विसरली नाही काका. जुनं शिकलेलं मिटत नाही. त्याच्यावर नवं बसते. अन् ते रोज बसवा लागते."

पुढच्या सोमवारी पुन्हा पाहुणे आले. घंटी वाजली. माझे पाय उठले. बाबांसारखाच मी अर्धा उठलो. मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं आणि खाली बसलो. पुन्हा वाजली. कान गरम झाले. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा सर स्वतःच दारात आले. मागे पाहुणे.

"ऐकू येत नाही का रे?"

"घंटी ऐकू आली सर. नाव नाही ऐकू आलं."

"काय?"

"नाव घेऊन बोलवा. काम असन तर येतो. बर्फी नको. अन् माझ्या बापाले पुन्हा मधात आणू नका."

कोणी हसलं नाही. मीही नाही. रजिस्टर मी उलटं धरलं होतं, हे नंतर कळलं.

सर हळू आवाजात म्हणाले, "मार्च जवळ आलाय, लक्षात आहे ना?"

"आहे सर."

मार्च अजून यायचा आहे. सही होईल असं मला वाटत नाही. घंटी वाजतेच. वाजली की तोंडाला पाणी सुटतं, गुडघे उचलतात. सुटो. उचलोत. मी रोज खाली बसतो. रोज बसावंच लागतं. सरांना माझ्या नावापुढं काय लिहायचं ते शोधावं लागणार नाही. सतरा नंबरच्या ओळीत, माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

प्रतिसाद नाही.