गर्ट्रूडआंटीचं हैदराबाद

कोपरीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गर्ट्रूडआंटी राहते. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आणि खिडकीपाशी कापडी पुतळा. पुतळ्याच्या अंगावर नेहमी कुणा ना कुणा नवरीचा पांढरा गाऊन असतो. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थांबून बघतात. गाऊनच्या गळ्यावर, बाह्यांवर मोत्यांची नक्षी असते, आणि ती सगळी आंटी हातानं टाकते. तिचे वडील खाडीकडच्या मिठागरावर कामाला होते. शिवण ती शाळेतल्या सिस्टरांकडून शिकली आणि लग्नानंतर त्याच शिवणीवर तिनं घराला हातभार लावला. नवरा, लिओअंकल, मानपाड्याच्या एका कंपनीची बस चालवायचे. आता रिटायर आहेत. एकच मुलगी, जेनिफर, बँकेत आहे.

आंटी एकदा मला म्हणाली होती, "विनिता, आयुष्यभर मी खोटे मोती लावले. प्लॅस्टिकचे. एकदा मना हैदराबादला जाऊन खरे मोती बघायचे आहेत. घ्यायचे नाहीत, नुसते हातात धरायचे."

जेनिफरला पहिली नोकरी लागली तेव्हा तिनं सगळ्यात आधी हैदराबादचीच तिकिटं काढली. तिघांचीच ट्रिप. वेलंकणीची एक यात्रा सोडली तर हे कुटुंब असं कुठं गेलंच नव्हतं. आंटीनं नवीन दोन ड्रेस शिवले, अंकलनी बॅगेचं चाक दुरुस्त करून आणलं. आणि निघायच्या आठवड्यातच आंटीच्या पायांवर सूज चढली, धाप लागायला लागली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तिकिटं रद्द झाली, हातात सुई टोचायची जागा तयार करायचं छोटं ऑपरेशन झालं आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार.

त्यानंतर त्या घरात हैदराबादचं नाव कुणी काढलं नाही. आंटीनं शिवण सोडली नाही. उरलेल्या दिवसांत ती मशीनवर बसायची. पण कोपरीच्या बाहेर जायचं नाव घेईना. भाचीचं लग्न वसईला होतं, तिथं फक्त गाऊन गेला, आंटी नाही. जेनिफर आग्रह करायची तेव्हा ती म्हणायची, "ते डायलिसिसचं मशीन सोडून मी जायचं म्हणजे माशानं खाडी सोडून जत्रेला जायचं."

डायलिसिस सेंटरमध्ये आंटीच्या शेजारच्या पलंगावर विमलाबाई असायच्या. सत्तरीच्या, मूळच्या शहाडच्या. मुलानं कोपरीत घर घेतलं म्हणून इकडे आलेल्या. चार तास दोघी शेजारी पडून असत. हात हलवायचा नाही, त्यामुळे तोंडाशिवाय दुसरं काही चालवता येत नाही. त्या गप्पांत एकदा विमलाबाईंनी विचारलं, "तू काय काय बघितलंस गं आयुष्यात?" आंटीनं सहज म्हणून ती रद्द झालेली ट्रिप सांगितली. मोत्यांचंही सांगितलं.

अंकल न्यायला आले तसं विमलाबाईंनी त्यांना पलंगाजवळ बोलावलं.

"लिओभाऊ, हिला हैदराबादला न्या."

अंकल गडबडले. "कसं नेणार? हिचं डायलिसिस?"

"तिकडच्या लोकांच्या किडन्या बिघडत नाहीत का? तिकडेही मशीन असेलच की. हेमाला विचारा."

हेमा म्हणजे त्या सेंटरची टेक्निशियन. कळव्याहून येणारी, तोडून बोलणारी, पण सुई अशी टोचते की कळतही नाही. अंकलनी भीत भीत विचारलं. हेमा हातमोजे काढता काढता म्हणाली, "जातात की लोक. तिकडच्या सेंटरमध्ये आधी बुकिंग करायचं, रिपोर्ट पाठवायचे. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

डॉक्टरांनी हो म्हटलं, अटींवर. शुक्रवारचं डायलिसिस इथं करून निघायचं, सोमवारचं तिकडे झालंच पाहिजे, बुधवारी परत इथं. पाणी मोजून प्यायचं, मीठ सांभाळायचं, धावपळ नाही, गरमीच्या दिवसांत तर मुळीच नाही. नाताळ आणि त्यामागची लग्नं आटोपली की जानेवारीत जा म्हणाले.

हे सगळं ठरलं, पण आंटीला कुणी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी घरी भांडण झालं. मी डबा परत द्यायला गेले होते, दारातूनच ऐकू आलं.

"लिओ, मना नको नेऊ. पोरीला घेऊन तू जा. तिकडे मना काय झालं तर तुम्ही दोघं परक्या गावात कुणाकडे बघाल?"

अंकल सहसा आवाज चढवत नाहीत. ते नुसते म्हणाले, "तुझ्याशिवाय मी चारमिनार बघून काय करू? तिथल्या घड्याळावर माझं घड्याळ लावू?"

आंटीला हसू आलं. मला बघून म्हणाली, "ये विनिता, ऐक या माणसाचं." मला वाटतं, ती तयार झाली ती तेव्हाच, जरी हो म्हणायला तिला अजून बरेच दिवस लागले.

जेनिफरनं आखणीला सुरुवात केली. तिच्या पहिल्या बेतात गोवळकोंडा होता, सालारजंग म्युझियम होतं, हुसेनसागरची बोट होती, फिल्मसिटी होती. अंकलनी त्यात भर घातली की स्टेशनवर गाडीच्या दीड तास आधी पोचायचं. बस चालवणाऱ्या माणसाला उशीर ही कल्पनाच सहन होत नाही. आंटीनं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "किल्ला नको, चढ आहे. फिल्मसिटी नको, ऊन आहे. मना चारमिनार खालून बघायचा, मोत्यांची दुकानं बघायची, आणि बिर्याणीचे दोन घास खायचे. बाकी वेळ आपण हॉटेलात बसून गप्पा मारू. तिघं एकत्र कधी बसतो आपण?"

खरी अडचण सेंटरची होती. जेनिफर रोज ऑफिसच्या सुट्टीत हैदराबादला फोन करायची. एका ठिकाणी बाहेरचे पेशंट घेत नव्हते. एका ठिकाणी फोनच उचलत नव्हते. एकीकडे हो म्हणाले आणि निघायच्या आदल्या आठवड्यात कळवलं की मशीन बिघडलंय, सोमवारचं जमणार नाही. त्या दिवशी जेनिफर आमच्याकडे येऊन रडली. "आता मम्मीला कसं सांगू? तिनं केसाला मेंदी लावलीय."

सांगावं लागलंच. आंटी शांतपणे म्हणाली, "राहू दे गं. तू एवढं केलंस, मना पोचलं." आणि दुसऱ्या दिवशी डायलिसिसला जाऊन विमलाबाईंना म्हणाली की बेत मोडला.

विमलाबाईंनी पलंगावरूनच हाक मारली, "हेमा, इकडे ये. हिचं मोडलं."

हेमानं सगळं ऐकलं. तिच्याबरोबर शिकलेली एक मुलगी, प्रीती, लग्न होऊन सिकंदराबादला गेली होती आणि तिथंच एका सेंटरमध्ये काम करत होती. पण वर्षानुवर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. का नव्हतं ते हेमानं सांगितलं नाही. तिनं तिथंच उभं राहून कुणाकडून तरी नंबर मिळवला आणि फोन लावला. आंटी सांगते, हेमा आधी जरा अडखळली, मग म्हणाली, "प्रीती, मी हेमा. माझी एक पेशंट आहे. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी कर."

प्रीतीनं करते म्हटलं. पण तिच्याकडे सोमवारी फक्त संध्याकाळची शिफ्ट रिकामी होती आणि यांची परतीची गाडी दुपारची होती. दुसऱ्या कुठल्या गाडीचं तिकीट मिळत नव्हतं. प्रीती म्हणाली, सकाळच्या पेशंटपैकी कुणी बदलून घेतंय का विचारते, पण आशा ठेवू नका. सकाळची शिफ्ट कुणी सोडत नाही. सकाळी झालं की उरलेला दिवस आपला असतो. ज्यांचं डायलिसिस चालतं त्यांना त्या उरलेल्या दिवसाचं मोल माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी प्रीतीचा निरोप आला. यादगिरी नावाचे एक पेशंट तयार झाले होते. त्यांचं बॅटरीचं छोटं दुकान होतं. सकाळी डायलिसिस करून ते दुपारी दुकान उघडायचे. त्या सोमवारी दुकान दुपारनंतर बंद ठेवून संध्याकाळी यायला ते कबूल झाले होते. प्रीतीनं त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की मुंबईकडची एक बाई आहे, तिला चारमिनार बघायचाय.

आंटीला हे कळलं तेव्हा ती मशीनवर बसली होती. नवरीच्या गाऊनमधून उरलेलं मऊ सॅटिन तिनं काढलं, त्याखाली सुती अस्तर घेतलं आणि कापूस भरून एक छोटी उशी शिवली. चार तास हात एका जागी ठेवला की कोपर अवघडतो, त्याखाली घ्यायला. आधी पांढऱ्याला पांढराच दोरा घेतला, मग म्हणाली, दुकानदार माणूस आहे, मळेल, आणि निळं कापड जोडलं.

शुक्रवारी डायलिसिस झालं आणि ते तिघं कल्याणहून गाडीत बसले. अंकलनी दीड तासाच्या जागी दोन तास आधी पोचवलं. विमलाबाईंनी बिनमिठाच्या दशम्या बांधून दिल्या होत्या. हेमानं रिपोर्टांच्या दोन प्रती दोन वेगळ्या बॅगांत ठेवायला लावल्या होत्या आणि जेनिफरला दम भरला होता, "पाणी मागितलं तर लाड करायचे नाहीत."

हैदराबादचं मी काय सांगू, मी गेलेली नाही. आंटीनं सांगितलं तेवढं सांगते. चारमिनारच्या पायऱ्या उभ्या होत्या म्हणून ती आणि अंकल खालीच थांबले, जेनिफर वर गेली. वरून ती हात हलवत होती आणि अंकल भलत्याच मुलीला बघून हात हलवत होते. बिर्याणी चांगली होती, पण दोन घासांच्या पुढं गेली नाही, कारण जेनिफर समोर बसली होती.

मोत्यांच्या दुकानात ती आधीच म्हणाली, "भैया, मैं खरीदूँगी नहीं शायद. सिर्फ देखना है." दुकानदार म्हातारा होता. त्यानं काळ्या मखमलीचं ताट पुढं ओढलं आणि त्यावर मूठभर मोती ओतले. म्हणाला, "देखने के लिए ही तो हैं, अम्मा. हाथ में लीजिए." आंटीनं आपले हात स्वच्छ आहेत का ते आधी बघितलं. मग ओंजळीत घेतले. मला म्हणाली, "थंड असतात गं. आणि जड. प्लॅस्टिकच्या मोत्याला वजन नसतं. मना वाटलं, एवढ्या मुलींना मी हलकेच गाऊन घातले." मग स्वतःच म्हणाली, "पण बरं झालं, नाचता तरी आलं त्यांना." जेनिफरनं तिला कानातल्यांचा एक जोड घेऊन दिला. लहानसे आहेत. ते ती रविवारी चर्चला घालते.

सोमवारी सकाळी ती यादगिरींच्या पलंगावर झोपली. प्रीती सुई टोचताना सारखी हेमाची चौकशी करत होती. वजन, ब्लड प्रेशर, सगळं ठीक राहिलं. निघताना आंटीनं ती निळी उशी प्रीतीकडे दिली. यादगिरी संध्याकाळी येणार आणि गाडी दुपारची, त्यामुळे ज्या माणसामुळे ट्रिप झाली त्याला ती बघू शकली नाही. फोटोतही नाही.

पण बुधवारी, आंटी कोपरीत आपल्या पलंगावर असताना, हेमाच्या मोबाइलवर प्रीतीचा फोन आला. हेमानं तो तिच्या कानाला लावून धरला. पलीकडे एक खरखरीत आवाज होता. "अम्मा, तकिया बहुत अच्छा है."

आंटी म्हणाली, "भैया, आपने दुकान बंद रखा मेरे लिए."

"शाम को भी मशीन वही रहता है, अम्मा. चारमिनार देखा?"

"देखा."

"बस," ते म्हणाले. हेमानं फोन आपल्या कानाला लावला. मग ती बाहेर जाऊन बराच वेळ प्रीतीशी बोलत राहिली.

विमलाबाईंना आंटीनं सगळी ट्रिप पहिल्यापासून सांगितली. चार तास पुरले नाहीत, उरलेलं शुक्रवारी सांगितलं. विमलाबाई मधेमधे डोळे मिटायच्या. आंटी थांबली की म्हणायच्या, "ऐकतेय. मोत्यांवर होतीस."

संध्याकाळी त्या घरात तिघं जपमाळ हातात घेऊन रोझरी म्हणतात. शेवटी नावं घ्यायची असतात, घरच्यांची, आजाऱ्यांची, मेलेल्यांची. आता त्यात हेमा आहे, प्रीती आहे, शहाडच्या विमलाबाई आहेत. अंकल एक नाव रोज "यादगारी" असं घेतात. जेनिफर सुधारते, ते पुन्हा तसंच म्हणतात. आंटी म्हणते, देवाला कळतं, पुढं चला.

परवा जेनिफर म्हणत होती की म्हैसूरलाही सेंटर आहे, तिनं विचारलंय. आंटी पुतळ्याच्या अंगावरच्या गाऊनची बाही टाचत होती. तोंडात टाचण्या होत्या. एकेक टाचणी लावून झाल्यावर म्हणाली, "हा गाऊन होऊ दे आधी. मग बघू, थंडीत."