देवकाबाईनं वाढवलेली दोन वर्षं

देवकाबाईनं जन्मात एकच मोठी लबाडी केली, आणि तीही गुरुजींसमोर.

नवरा गेलेला, पदरात चार वर्षांची जया. देवकाबाई गावच्या तलावात जाळं टाकायची. अंगणवाडी बाराला सुटे, शाळा पाचला. वरून शाळेत खिचडी. मग काय, पोरीला काखेत मारून ती थेट पहिलीत बसवायला गेली.

"सहा पूर्ण झाले काय बाई?" गुरुजींनी विचारलं.

"झाले ना जी! हात तं पाहा तिचा."

डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर सहाची, असा गावात रिवाज. जयाचे हात मेले आईसारखेच लांब. तिनं कान धरला, नाव चढलं. देवकाबाई आठवडाभर स्वतःवरच खूश होती.

त्याच हातांनी जया पुढे फुटबॉलची गोलकीपर झाली. बारावीनंतर पाच वर्षं मायलेकी तेलंगणात मिरची तोडायला गेल्या, म्हणून कॉलेज उशिरा लागलं. पण शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या संघात तिचं नाव आलं. देशभरातल्या कॉलेजच्या मुलींची स्पर्धा, तीही भुवनेश्वरला! ते गाव मिरचीच्याही पलीकडे असणार, एवढं देवकाबाईनं मनाशी ठरवून टाकलं.

फॉर्म भरताना कळलं, वय पंचवीसच्या आत पाहिजे. जया तेवीसची. शाळेच्या दाखल्यावर मात्र पंचवीस उलटलेली.

देवकाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून कॉलेजच्या कचेरीत गेली.

"साहेब, लबाडी म्या केली. पोरीले काऊन शिक्षा?"

बाबू भला माणूस. त्यानं आधी तिला खुर्ची दिली, मग म्हणाला, "बाई, तोंडाचं इथी चालत नाई. जन्माची नोंद आणा."

जया झोपडीत जन्मली. कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या वहीत नाव घालायला कोण जाणार होतं? तरी ती वही पाहायला तहसीलला तीन हेलपाटे झाले. वहीत अख्ख्या गावाची पोरं सापडली, जया नाही.

जयानं हातमोजे उर्वशीला देऊन टाकले. ती बदली गोलकीपर. जया आईशी भांडली असती तर देवकाबाईच्या घशाखाली घास तरी उतरला असता.

संघ रेल्वेनं गेला, त्याच आठवड्यात मायलेकी मिरचीच्या गाडीत बसल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी शेतातच उर्वशीचा फोन आला. पहिल्याच सामन्यात सहा गोल खाल्ले, सारा खेळ आटोपला.

शेजारच्या ओळीतल्या केसरबाईनं वाकल्या वाकल्याच विचारलं, "तू असती तं जिंकले असते काय वं?"

"नाई मावशी, जिंकलो तं नसतोच," जया म्हणाली. "पण तीन अडवलेच असते मी."

देवकाबाईनं ऐकलं. तिचं पोतं अजून अर्धंही भरलं नव्हतं. डोळ्याला मिरचीचा हात लागला म्हणत ती बांधावर जाऊन बसली, आणि बराच वेळ उठली नाही.