अण्णाच्या तोंडची ओळ

मला एका जागी बसवत नाही. मशीनवर बसलो तरी दर दहा मिनिटांनी उठतो, दुकानाच्या दारात जातो, लष्कर मोहल्ल्यातली गर्दी बघतो, परत येतो. अण्णा, माझा थोरला भाऊ, कटिंगच्या टेबलावरून मान वर न करताच म्हणायचा, "सुम्ने, गप बस की रे, पायाला काय मुंग्या लागल्यात?"

फक्त भजनात मी बसायचो. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात अण्णा पुढे बसून ओळ सांगायचा आणि आम्ही मागचे ती उचलायचो. मी त्याच्या बरोबर मागे, हातात टाळ. म्हैसुरात आमच्या लोकांचं मराठी निम्मं कन्नड होऊन बसलंय, पण अण्णा गायला लागला की शब्द कसे खणखणीत यायचे.

मग त्याची ओळ आखूड व्हायला लागली. शेवटच्या शब्दापर्यंत आवाज पोचेना. खांदे वर आले की मला कळायचं, दम संपला. मी लगेच ओळ उचलायचो, माझ्यामागून सगळे. आधी शेवटचा शब्द, मग शेवटचे दोन, मग अर्धी ओळ. अशी दोन वर्षं गेली, कुणाला पत्ता नाही. उलट एक म्हातारे गृहस्थ प्रसाद घेताना म्हणाले, "भावाभावांचं काय जुळलंय हो!" आणि मी फुशारलो. आता लाज वाटते, पण खरंच फुशारलो.

वैनीला सगळं दिसत होतं. "जिना चढताना मधेच थांबतात आणि शर्टाचं बटण लावतात, भावजी. लागलेलंच बटण!" मी एकदा धीर करून अण्णाला म्हणालो, छाती दाखवून घे. तो उसळलाच. "गळ्यात माळ आहे माझ्या. विडीला कधी हात लावला नाही. मला कसला छातीचा रोग? धूळ आहे, होगली बिडू, जाऊ दे." आमच्या घरात सगळ्यांची हीच समजूत, की फुफ्फुसं बिघडतात ती विडीवाल्यांची. मीही तेच धरून बसलो. सोयीचं होतं ना!

त्यात एक दिवस दुकानात एक मुलगी आली. एका दवाखान्यात लोकांना श्वासाचे व्यायाम शिकवायची. जुनाट फुफ्फुसविकाराची लोकांना जाण यावी म्हणून रविवारी सकाळी राजवाड्यापासून नजरबादवरून मैदानापर्यंत सगळ्यांनी मिळून चालायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी खांद्यावरचे पट्टे शिवून हवे होते. भिंतीवर आमच्या भजनाचा फोटो बघून ती कन्नडात म्हणाली, "तुमची मंडळी पुढे चालेल का? टाळ असला की पावलं चांगली पडतात." मी नको म्हणायला तोंड उघडतोय तोवर अण्णा हो म्हणून मोकळा.

ते चार दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पट्टे उलटे शिवले, उसवले, परत शिवले. बसून ज्याचा दम पुरत नाही तो चालत गाणार? सरळ सांगायला हवं होतं, पण मी मनाशी ठरवलं की नेहमीसारखा मागे राहीन आणि उचलीन. शहाणाच मी!

रविवारी निघण्याआधी त्या मुलीनं लाउडस्पीकरवरून सांगितलं, "बेतानं चाला. चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले तर थांबा, लाजू नका." मी बाजूला बघितलं. अण्णा आपला पट्टा सारखा करत उभा होता.

पहिला अभंग कसाबसा पार पडला. नजरबादेत रस्ता जरासा चढतो, चढ म्हणावा असाही नाही. तिथं अण्णाच्या ओळीत दोनच शब्द उरले. मग एक. मग तो नुसतं तोंड उघडायचा आणि अख्खी ओळ मीच म्हणायचो, आणि मागचे लोक खुशीत टाळ्या वाजवत होते. मी बाजूनं बघितलं तर त्याच्या ओठांचा रंग गेलेला. त्यानं मान किंचित वळवली. ती त्याची खूण होती, उचल म्हणायची.

मी तोंड मिटलं.

ओळ आली नाही. मागचे टाळ एकेक करून थांबले, आणि अण्णाच्या छातीतली बारीक शिट्टी सगळ्यांना ऐकू आली. वैनी धावत आली. आम्ही त्याला एका कट्ट्यावर टेकवलं. जरा दम आल्यावर माझ्याकडे रोखून बघत तो म्हणाला, "का... थांबलास?"

मीही भडकलो. "मग काय, तुझा श्वासपण मीच घेऊ?" चारचौघांत थोरल्या भावावर ओरडलो. वैनी रडत होती.

त्याला तिथूनच दवाखान्यात नेलं. पुढं नळीत फुंकायची तपासणी झाली. डॉक्टरांनी विचारलं, विडी? नाही. धंदा? शिंप्याचा. इस्त्री? तिथं वैनी पटकन बोलली, "कोळशाची. लग्न झाल्यापासून बघते, दुकान उघडलं की वाकून निखारे फुंकतात." विजेची इस्त्री केव्हाच आली होती, पण कोटाची घडी कोळशावरच बसते असा अण्णाचा हट्ट. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळू. औषध रोज ओढायचं, रोज बेतानं चालायचं. "लवकर आला असतात तर बरं झालं असतं," असंही म्हणाले. ते अण्णाला म्हणाले, पण लागलं मला.

रोज सकाळी आम्ही दोघं चालायला लागलो. चालताना बोलता आलं पाहिजे, आणि हा माझ्याशी बोलेना! रागानं गप्प आहे की दमानं, कळायचं कसं? मी सारखा पुढं जाऊन मागं वळून त्याचे ओठ बघायचो. आठवडाभर हा तमाशा. शेवटी एके दिवशी तो म्हणाला, "हळू चाल की, घोड्या. शर्यत आहे का?" सलग, एका दमात. मला रस्त्यातच रडू फुटलं.

पुढच्या एकादशीला तो देवळात माझ्या जागेवर जाऊन बसला, माझा टाळ हातात घेऊन. "पुढं बस," म्हणाला. मी गायलो. माझा आवाज त्याच्यापुढे काहीच नाही, पण दम भरपूर. तिसऱ्या अभंगाला माझी ओळ अर्ध्यावर असतानाच मागून अण्णानं ती उचलली. शेवटचे दोनच शब्द, पण पुरते.

माझा दम संपला नव्हता. तरी मी तोंड मिटलं आणि त्याला म्हणू दिलं.