गाडीवरचं घोंगडं

फोटो निघाला आणि वाचनालयाच्या मॅडमनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. आधी रुमालानं पुसलं, मग कपाटात ठेवलं.

"तुमच्यासाठी ती पोत्यातली आहेत," त्या म्हणाल्या. आवाज गोड होता.

अंथुर्ण्याच्या शाळेपुढं फिरत्या वाचनालयाची गाडी उभी होती. गावातली मुलं नवी पुस्तकं निवडून घरी नेत होती. आम्ही सुप्याकडचे धनगर. तिकडचा माळ वाळला की मेंढरं घेऊन इकडं बागायतीत यायचो. शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं रानात बसवून घ्यायचे. आज ह्याच्या रानात, परवा त्याच्या. मॅडमचा हिशेब सरळ होता. ज्याला पत्ता नाही, त्याला कपाटातलं पुस्तक नाही. गाडीही गावोगाव फिरायची, पण तिला कुणी पत्ता विचारला नाही.

पोत्यातल्या पुस्तकांना शेवट नसायचा. पानं गळलेली. राजपुत्र विहिरीत उतरायचा आणि तिथंच राहायचा. मोठी माणसं मेंढरांमागं, माझी शाळा गावाकडं राहिलेली, तळावर मी आणि कोकरं. त्यांना मी शेवट रचून सांगायचे. कोकरांनी कधी हरकत घेतली नाही. पण आपण रचलेल्या शेवटात आपल्याला ठाऊक नसलेलं काहीच निघत नाही. एवढ्या मोठ्या रानात बोलणारी मीच आणि ऐकणारीही मीच.

पुढच्या वर्षी गाडीचा वाढदिवस होता. मंडप, फेटे. वाचनाचं महत्त्व सांगणारे पाहुणे दुसऱ्यानं लिहून दिलेलं भाषण अडखळत वाचत होते. मी आबांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, कडेला उभी होते. मॅडमनी मला ओळखलं.

"ये गं. पुस्तक धर. हसून बघ."

मी ते उघडलं. शेवटचं पान जागेवर होतं.

"हे संगं न्यायचं का?"

"आधी फोटो तर होऊ दे."

"न्यायचं आसंल तर धरते. न्हायतर न्हाय."

मंडपात हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "लईच तोंडाळ हाय की पोर! आबा, सांगा की हिला."

आबा म्हणाले, "धर की गं. आपलं काय जातंय?"

मी पुस्तक टेबलावर ठेवलं.

काम अडलं नाही. सरपंचांच्या नातीला उभं केलं. ती झालरीच्या फ्रॉकमध्ये, धनगराची वाटेना. मॅडमनी आबांकडं पाहिलं.

"जरा ते घोंगडं द्या ना."

आबांनी खांद्यावरचं घोंगडं काढून दिलं. दोन्ही हातांनी. फोटो सुरेख आला. पुढं तोच मोठा करून गाडीवर लावला.

तळावर परतताना आबा एवढंच बोलले, "आता त्यांची गाडी तुला जवळ करायची न्हाय."

नाहीच केलं. पोतंही बंद झालं. कोकरांना सांगायला अर्धी गोष्टसुद्धा उरली नाही.

आज मी इंदापुरात कॉलेजात शिकवते. ती नात आबांचं घोंगडं पांघरून गाडीच्या अंगावर अजून हसते आहे. गाडी माझ्या दारावरून जाते. मागच्या महिन्यात वाचनालयाचा माणूस आला. "तुम्ही त्या समाजातल्या, शिकलेल्या. कार्यक्रमाला या. पुस्तक हातात घेऊन एक फोटो."

मी विचारलं, "मेंढरांच्या तळावर नवी पुस्तकं देता का?"

"त्यांना पत्ता नाही ना, मॅडम."

"मग माझा लिहा. प्रत्येक पोराच्या नावापुढं. परत आलं नाही तर माझ्या दारात या."

तो म्हणाला, विचारून सांगतो. अजून विचारतोय.

तोवर मी मंडपात जाणार नाही. पुस्तक धरणार नाही. हसणार नाही. कॉलेजात काहीजण म्हणाले, एवढं काय मनाला लावून घेता. आता तेही माझ्याशी बेतानंच बोलतात. बोलू देत.

आबा आता नाहीत. गाडीवरचं ते घोंगडं त्यांचं आहे. ते मी उतरवणार आहे.