साचिएबाई आणि मुका भोंगा

साचिए कुबोदेरा थकली होती, आणि हा थकवा काही आजचा नव्हता. हामासे गावच्या कचेरीत कंत्राटावर संगणक सांभाळता सांभाळता केस पांढरे झाले, तरी जे बंद पडेल ते तिच्याच गळ्यात. त्या दुपारी गावभरच्या खांबांवरचा भोंगा मुका झाला. वादळ संध्याकाळी किनाऱ्याला धडकणार, घरं सोडा अशी सूचना प्रांताकडून येऊन गेली, आणि एक खांब बोलेल तर शपथ. तोंडाने सांगावं तर नवा संच बसवताना कुणा दीडशहाण्याने माइकच काढून टाकलेला.

खाली बंदरात तिची आई एकटी राहायची. मोबाइल वापरायची नाही, शेजाऱ्यांचं ऐकायची नाही. साचिएने घरी फोन लावला तर म्हातारी म्हणाली, "तू कोण सांगणार? भोंगा बोलला की निघेन," आणि फोन आपटला.

एवढ्यात विभागप्रमुख नागुमो डोक्यावर येऊन उभे राहिले. "प्रांतवाले म्हणतात, आमची फाइल बरोबर आहे."

"बरोबरच आहे हो." साचिएने पडदा त्यांच्याकडे वळवला. सूचना एक्सएमएल फाइलमधून येते, आणि तिच्यात प्रत्येक नोंदीच्या नावाआधी एक छोटा प्रीफिक्स, म्हणजे जोडअक्षर, असतो. कालपर्यंत तिथे ‘केइ’ होतं, प्रांताच्या नव्या ठेकेदाराने ‘डब्ल्यू’ लावलं. गावचा प्रोग्राम फक्त ‘केइ’ला ओळखणारा. त्याने सूचना दारातूनच परत पाठवली.

"मग ‘डब्ल्यू’लाही घ्या आत. दोन मिनिटांचं काम."

"भरतीच्या पाण्याची फाइलही ‘डब्ल्यू’च लावून येते. मग रोज भरतीला गाव पळवत बसा."

साचिएला समजावण्याचाही कंटाळा आला होता, पण यांच्या सहीशिवाय प्रोग्रामला हात लावता येत नव्हता. "तुमच्या वाडीत सगळेच नागुमो ना? मग लोक हाक कशी मारतात?"

"घराच्या नावाने. आम्ही तेलवाले. डोंगरापलीकडे आम्हालाच वरचं घर म्हणतात."

"आणि आपल्या इथे वरचं घर कुणाचं?"

"ते सोबा-शेवयावाल्यांचं."

"पोस्टमन काय बघतो?"

"पत्ता बघतो, आणखी काय."

"झालं तर. फाइलच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, ‘डब्ल्यू’ म्हणजे अमुक नेमस्पेस, म्हणजे नावांचा मूळ पत्ता. तो लांबलचक पत्ता होता तोच आहे, भरतीच्या फाइलचा वेगळा. हाकेचं नाव ज्याने त्याने आपल्या फाइलपुरतं ठेवावं. आपलं येडं मात्र पत्ता सोडून हाकेवर माणूस ओळखतंय."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"दरवर्षी सांगते. तुम्ही म्हणता, पुढच्या वर्षी बघू."

नागुमोंनी मान खाली घालून सही केली. साचिएने प्रोग्रामला पत्ता वाचायला लावलं. डोळे चुरचुरत होते, पाठ मोडली होती, मनात सारखी आई. प्रांताला सूचना पुन्हा पाठवायला सांगितली. बाहेरचा खांब खरखरला आणि रेकॉर्डमधल्या बाईचा तो रटाळ आवाज गावभर पसरला: बंदरातल्या लोकांनी वरच्या शाळेत जावं.

थोड्या वेळाने तिने आईच्या घरी फोन लावला. एरवी आईने फोन उचलला नाही की ती कामं टाकून बंदराकडे धावायची. आज फोन वाजत राहिला, वाजतच राहिला.

"निघाली एकदाची," ती नागुमोंना म्हणाली, आणि टेबलावर डोकं ठेवून रडली.