दाराबाहेरचा थोरला

उठामावशींना मंडळीत बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. बायबलमधला शास्त्रपाठ सुरू झाला की त्यांचे पाय हलू लागत, आणि वाचणारा श्वास घ्यायला थांबला की यांचा आवाज यायचा, "उठा! नुसतं वाचून काय होतंय? करून बघा." खरं नाव सुशीला, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आमची मराठी मंडळी म्हणजे टोकियोजवळच्या ग्योतोकुत राहणारी पुण्या-नगरकडची आठ-दहा ख्रिस्ती घरं. एका जपानी चर्चचा हॉल रविवारी दुपारी आम्हाला मिळतो. मावशी मुलाकडे राहायला आल्या तेव्हा मंडळी शेवटचे आचके देत होती. मुलं मोबाइलमध्ये, मोठी माणसं घड्याळाकडे. माझी मुलगी रिया मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देणारी. तिला मराठी बायबल म्हणजे शिक्षाच. "बंद करू या हे. टोकियोतल्या इंग्रजी चर्चला जाऊ," असं मीच सगळ्यांना सांगत फिरत होतो.

मावशींच्या हाती व्हिसाचे थोडेच दिवस होते आणि धीर त्याहून कमी. नगरकडे त्या गावोगावच्या मंडळ्यांना बायबलमधल्या गोष्टी करून बघायला शिकवत. इथे त्यांनी पहिल्याच रविवारी खुर्च्या भिंतीला सारल्या आणि स्वतःच्या मुलाला, प्रकाशला, हरवलेलं मेंढरू केलं. बँकेतला मॅनेजर गुडघ्यांवर बें बें करत फिरला, तेव्हा रियाने मोबाइल खाली ठेवला.

"मावशी, हळू. शेजारी तक्रार करतील," मी म्हणालो.

"मग मेंढरू दबक्या आवाजात हरवेल!"

उधळ्या मुलाचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, करताना त्यांनी मला थोरला भाऊ केलं. धाकटा सगळं उधळून घरी येतो, बाप मेजवानी घालतो, आणि इमानाने राबलेला थोरला रागावून बाहेरच थांबतो. "तू तसाही तोंड फुगवूनच असतोस, सुहास. जा बाहेर," म्हणत मावशींनी मला बूट काढायच्या जागेत लोटलं आणि दार लावून घेतलं. आत मेजवानी म्हणून ओनिगिरी, भाताचे जपानी गोळे, वाटले जात होते, हशा चालला होता. मी बुटांच्या कपाटाशी एकटा. नाटकच होतं, पण मला खराखुरा राग आला. माझ्यावाचून यांचं काहीच अडत नव्हतं!

दार उघडलं. बापाचं काम रियाकडे होतं. तिने जपानीत काहीतरी सुरू केलं, थांबली, शब्द शोधत राहिली. मग माझी दहा वर्षांची पोर मला म्हणाली, "बाळा, आत ये ना. तू नाही, तर मी पण नाही जेवत."

मला रडू कोसळलं. तिचा हात धरून मी सरळ आत गेलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी मात्र कपाळाला हात लावला.

"अरे, थोरला आत गेला का ते येशूने सांगितलेलंच नाही! लोकांनी घरी जाऊन तळमळायला पाहिजे. तू गोष्टच संपवून टाकलीस!"

मंडळी बंद करायचा विषय मात्र त्यानंतर मी काढला नाही.

व्हिसा संपला, मावशी परत गेल्या. फोन केला की तब्येतीचं विचारू द्यायच्या नाहीत. "ते राहू दे. सध्या बाहेर कोण आहे?"

"विनय. कुठलं गीत घ्यायचं यावरून माझ्याशी भांडून मंडळी सोडून गेला."

"मग फोनवर काय बसलायस?"

मी त्याच्याकडे जाईन जाईन म्हणत राहिलो. गेल्या हिवाळ्यात मावशी वारल्या. मला फार एकटं वाटलं, आणि कुणीतरी मागे लागलंय असंही वाटत राहिलं. आता मुलं स्वतःच दाखले बसवतात, अर्धे जपानीत. छान चाललंय, असं सगळे म्हणतात. मला मात्र उपासनेनंतरच्या जेवणात ताट पुढ्यात आलं की दाराकडे बघितल्याशिवाय घास उतरत नाही.

परवाच्या रविवारी बाहेर खरंच कुणीतरी होतं. विनय. बूट काढावेत की नाही, या विचारात वाकलेला. मला पाहताच तो वळला आणि चालू लागला. रियाला हाक मारावी असं क्षणभर वाटलं. मग मी तसाच, नुसत्या मोज्यांवर, रस्त्यावर धावलो.

"विनय," मी म्हणालो, "जेवण थांबलंय."