जास्वंदीच्या काड्या

धुळ्याच्या बंगल्यात मी नवखा माळी. शाळा अर्धवट सोडून कोकणातून आलेलो. हे काम गेलं तर जाणार कुठे? साहेबांच्या हुकमाने जास्वंदीच्या काड्या ऐन चैत्रात मुळं फुटायच्या विलायती भुकटीत बुडवून लावल्या होत्या. पानं फुटली तसा मी हसलो.

रोज गवताचा भारा आणणारी बाई पदराने मान पुसत वाकली. "हासू नको, भाऊ. पानं ते काडी मरता मरता बी फुटतस. आजून मुळ्या कुठे शेतस?"

तेवढ्यात साहेब आले. "जगल्या की रे! राहा आता कायम."

बाईने माझ्याकडे पाहिलं. साहेब वळताच तिने भाऱ्याचं ओलं गोणपाट सोडून काड्यांवर बांधलं.

"पाऊस येस तवलोंग झाकी ठेव."

पाऊस येईपर्यंत मी त्या सावलीशेजारी जीव मुठीत धरून बसत होतो.